युनिक्सला व्हायरस लागतो का?

'लिनक्स घ्या, व्हायरसची कटकटच नाही', असं आपण नेहमी ऐकतो. या विधानात थोडं सत्य आहे आणि थोडी गफलत आहे. आज आपण ती दोन वेगळी करून पाहू.

आधी सत्य. युनिक्सची रचनाच एका यंत्रावर अनेकांनी काम करावं अशी आहे. म्हणून कोणती फाइल कुणी वाचायची, कुणी बदलायची, कुणी चालवायची, हे तिथे ठरलेलं असतं. लिनक्स त्याच वळणाची. साध्या वापरकर्त्याला मूळ व्यवस्थेच्या फाइली बदलता येत नाहीत. तो अधिकार 'रूट' या खात्याचा. चोर घरात शिरला तरी तिजोरीची किल्ली त्याला आपोआप मिळत नाही.

मग गफलत कुठे? १९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन यांनी रीतसर परवानगी घेऊन युनिक्सवर एक प्रयोग केला. फाइलींची रचना चित्ररूपात दाखवणारा एक उपयोगी प्रोग्रॅम त्यांनी सर्वांना वापरायला दिला आणि त्यात व्हायरस दडवला. प्रयोग ५ वेळा झाला. पाचही वेळा तासाभराच्या आत सर्वाधिकार हाती आले. आता हे बघा, इथे एकही भिंत फोडावी लागली नाही. लोकांनी प्रोग्रॅम आपणहून चालवला आणि चालवणाऱ्याचे जे अधिकार, तेच त्या प्रोग्रॅमला मिळाले. यंत्र विचारतं, 'तू कोण?' 'तुझा हेतू काय?' हे ते विचारत नाही.

कधी भिंतीलाच भेगा असतात. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म युनिक्सच्याच यंत्रांमध्ये पसरला. मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधली त्रुटी आणि सोपे पासवर्ड त्याच्या कामी आले. वर्म म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला न चिकटता स्वतःच पसरणारा. २०१६ मध्ये 'मिराई'ने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून.

'पण आमच्याकडे आजवर व्हायरस दिसला नाही!' आपल्या दार्शनिकांनी अशा अनुमानाला एक अट घातली आहे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं. टेबलावर घडा नाही, हे असं कळतं. व्हायरस तर लपण्यासाठीच लिहिलेला असतो.

आणखी एक. आपले फोटो, पत्रं, हिशेब हे सगळं आपल्याच खात्यात असतं. ते पुसायला रूट लागत नाही, आपण चालवलेला एक प्रोग्रॅम पुरतो. व्यवस्था शाबूत राहील, आपलं मात्र सगळं जाईल.

तेव्हा उत्तर असं: युनिक्सला व्हायरस लागतो. तिथली भिंत भक्कम आहे, पण दार आपणच उघडतो. प्रोग्रॅम खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावा, सुधारणा वेळेवर बसवाव्यात, रूटचा पासवर्ड मागितला की क्षणभर थांबावं, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी.