पट्ट्याची करवत : गरीब दिसते, पण बोट घेते



गळीत हंगाम तोंडावर आला की सुतारमेटावर गर्दी होते. कुणाच्या गाडीचे जू मोडलेले, कुणाला साटा नवा करायचा. पूर्वी हातकरवतीने होणारे हे काम आता बऱ्याच ठिकाणी बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या करवतीवर होते. काहींनी तर आपल्या शेडमध्येच ती बसविली आहे. म्हणून तिच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हास वाटते.

यंत्र साधेच. वर एक चाक, खाली एक चाक आणि त्यांवरून फिरणारा पोलादी दातेरी पट्टा. १८०८ साली इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी याचे पेटंट घेतले. परंतु पट्ट्याचा जोड टिकेना म्हणून यंत्र बरीच वर्षे मागे पडले. आजही जोड हीच त्याची नाजूक जागा आहे.

पट्ट्याचे दाते खालच्या दिशेने धावतात, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते. गोल करवतीसारखे ते सहसा मागे उसळत नाही. म्हणून ही करवत गरीब वाटते, माणूस गाफील होतो, आणि तिथंच घात होतो.

१. लाकडाच्या वर पट्टा जितका उघडा, तितका धोका जास्त. वरचे गार्ड लाकडापासून पाव इंच, म्हणजे दोन सूत अंतरावर आणून मगच कापायला घ्या. दर वेळी जाडी बदलली की गार्डही बदला.

२. हात पट्ट्याच्या रेषेत ठेवू नका. बाभळीत गाठ आली की जोर लावावा लागतो आणि गाठ संपली की लाकूड एकदम पुढे सरकते. सोबत हातही जातो. शेवटचे चार बोटे लाकूड काठीने ढकला.

३. गोल ओंडका नुसता हाताने धरून कापू नका. दाते त्याला गरकन फिरवतात. खाच पाडलेल्या ठोकळ्यात तो पक्का बसवा. कुंपणाच्या लाकडात खिळा, तार राहिली आहे का, तेही आधी बघा.

४. धोतराचा सोगा, उपरणे, सैल बाही आवरून घ्या. हातमोजे तर नकोतच. मोजा अडकला की हात ओढला जातो. डोळ्यांना चष्मा लावा.

५. दर फेऱ्याला 'टक टक' आवाज येऊ लागला तर पट्ट्याला चीर गेली असे समजा. बटण बंद करून बाजूला व्हा. बटण बंद केले तरी चाके काही वेळ फिरतच राहतात. ती पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडू नका, भुसा झाडू नका की अर्धवट कापलेले लाकूड मागे ओढू नका. पट्टा बदलताना मेन स्विच पाडा.

६. लाईट गेली की बटण आधी बंद करा. साध्या स्विचवरची करवत लाईट येताच आपोआप सुरू होते, मग त्या वेळी हात कुठे असेल कोण जाणे! विहिरीच्या मोटारीला ऑटो बसवतो तसा इथे मुळीच बसवू नये. लाईट गेल्यावर आपोआप पडणारा स्टार्टरच हवा.

एवढे करूनही बोट तुटलेच तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट लावू नका. हळद, चुना न लावता तडक दवाखाना गाठा. वेळेत पोचल्यास बोट जोडता येण्याची आशा असते.

ज्याच्या हातावर घर चालते, त्याचे बोट गेले तर हंगाम कसा काढायचा? तेव्हा हा मजकूर आपल्या गावच्या सुतारमेटावर वाचून दाखवावा, शिकाऊ पोरांना तर आवर्जून सांगावा, ही विनंती.