दोन खंडांत वेगवेगळ्या नावांनी वावरलेला लिम्फोमा

मँटल सेल लिम्फोमा हा लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग. त्याच्या पेशी लहान, एकसारख्या, वरवर निरुपद्रवी दिसतात. आजार मात्र बहुतेकदा चिवट असतो, उपचारांनंतर पुन्हा उलटतो. रूप आणि वागणूक यांतल्या या तफावतीने पॅथॉलॉजिस्टना वीस वर्षे चकवले.

जर्मनीतल्या कील इथले कार्ल लेनर्ट यांनी युरोपीय सहकाऱ्यांसह १९७४मध्ये लिम्फोमांची वर्गवारी मांडली. तीत या आजाराला ‘सेंट्रोसायटिक’ नावाचे स्वतंत्र घर मिळाले. अमेरिकेत कॉस्टन बेरार्ड यांनी त्याच सुमारास अशाच पेशींना ‘इंटरमीडिएट’ म्हटले, कारण त्या दोन परिचित प्रकारांच्या मधल्या वाटत होत्या. डेनिस वायझेनबर्गर यांनी १९८२मध्ये ‘मँटल झोन’ हे आणखी एक नाव सुचवले. त्याच वर्षीच्या ‘वर्किंग फॉर्म्युलेशन’ या वर्गवारीत मात्र या आजाराला वेगळा रकानाच नव्हता. त्याचे रुग्ण इतर गटांत विखुरले गेले. मला हे फार गंभीर वाटते: एकाच आजाराचे रुग्ण एकत्र मोजलेच गेले नाहीत, तर कोणता उपचार कुणाला लागू पडतो हे कळणार कसे?

निकाल लावला तो गुणसूत्रांनी. या पेशींत ११व्या आणि १४व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. १४व्या गुणसूत्रावर प्रतिपिंडे घडवणारे, सतत जागे असलेले जनुक आहे. त्याच्या शेजारी ११व्यावरचे सायक्लिन डी१चे जनुक येऊन बसते आणि तेही अखंड चालू राहते. पेशीला विभाजनाकडे ढकलणारे सायक्लिन डी१ हे प्रथिन निरोगी बी-लसिकापेशीत जवळपास नसतेच. त्यामुळे बायोप्सीच्या स्लाइडवर ते रंगून दिसले, की निदानाला भक्कम आधार मिळतो. लेनर्ट यांनी हा गट वेगळा काढला हे योग्यच होते. चुकला तो उगमाचा अंदाज. या पेशी लसिकाग्रंथीतल्या जननकेंद्रातल्या नसून त्याभोवतीच्या आवरणातल्या, म्हणजे ‘मँटल’मधल्या निघाल्या.

अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या तज्ज्ञांनी १९९२मध्ये एकत्र लेख लिहून सगळी जुनी नावे बाजूला ठेवली आणि ‘मँटल सेल लिम्फोमा’ हे एकच नाव सुचवले. आपापल्या परंपरेचा आग्रह सोडण्याचा हा मोठेपणा मला जनुकाच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. १९९४च्या ‘रिअल’ वर्गवारीत आणि २००१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते नाव रुजले.

पुढे सायक्लिन डी१ नसलेले मोजके रुग्णही आढळले. त्यांच्या निदानात सॉक्स११ हे दुसरे प्रथिन कामी येते. मँटल सेल लिम्फोमाच्या काही रुग्णांचा आजार मुख्यतः रक्त, अस्थिमज्जा आणि प्लीहेत राहतो, मंद गतीने वाढतो. अशांपैकी अनेकांना लगेच केमोथेरपी न देता केवळ देखरेखीखाली ठेवता येते.