वडिलांचा टँगो, मुलाचा जॅझ

वाचकहो, फराळाची ताटं आवरली की मुलानातवंडांना शेजारी बसवून एक ध्वनिमुद्रिका ऐका : 'रेउनिऑन कुम्ब्रे', मिलान, १९७४. तीत जेरी मलिगनचा बॅरिटोन सॅक्सोफोन आहे आणि आस्तोर पियाझोलाचं बँडोनिऑन. हे वाद्य म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचं लांबचं भावंड. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ताणायचं.

पियाझोला जन्मानं अर्जेंटिनाचा, पण वाढला न्यूयॉर्कमध्ये. घरी वडील टँगोच्या तबकड्या लावून मायदेशासाठी झुरायचे. त्यांनीच त्याला जुनं बँडोनिऑन आणून दिलं. पोराचा ओढा जॅझकडे आणि बाखकडे. (ओळखीचं वाटतंय ना?)

१९५४ मध्ये तो पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकायला गेला. टँगो वाजवत होतो, हे सांगायची त्याला लाज वाटे. बाईंनी त्याच्या सिंफनी चाळल्या, त्यांत त्यांना तो सापडेना. मग टँगो वाजवायला लावला आणि म्हणाल्या, खरा पियाझोला हा. पॅरिसमध्येच मलिगनचं जॅझ त्याच्या मनात भरलं. पुढच्या वर्षी ब्वेनोस आयरेसला त्यानं आठ जणांचा मेळ उभारला, त्यात चक्क इलेक्ट्रिक गिटार! जुने शौकीन खवळले.

त्याचा आवडता ताल तुम्हीही धरू शकता : आठ मात्रा, तीन-तीन-दोन अशा मोजा. 'आन्योस दे सोलेदाद'मध्ये मात्र मोजू नका, मलिगनचा सॅक्सोफोन नुसता ऐका.

१९५९ मध्ये वडील गेले तेव्हा पियाझोला दौऱ्यावर होता. न्यूयॉर्कला परतून त्यानं 'आदिओस नोनिनो' रचलं. नोनिनो हे वडिलांचं घरातलं नाव. तेही ऐका, पण शेवटी.