‘गिव्हन’ नसलेली गणितं

गणितं सोडवण्यात आपण सगळेच पटाईत! कॉन्व्हेंटमध्ये असल्यापासून मला एक सवय लागली आहे. वहीत आधी ‘गिव्हन’ लिहायचं, मग ‘टू फाइंड’, मग फॉर्म्युला, आणि शेवटी उत्तराखाली दोन रेघा. इंजिनिअरिंगला आल्यावरही तेच चालू आहे, फक्त फॉर्म्युले लांब झाले. पण सुट्टीत मोर्शीला घरी गेलं की वेगळीच गणितं समोर येतात. आई म्हणते, “इंजिनिअर होऊन राहिली नं तू? मंग पाह्य बरं, हा कूलर काहून गार हवा नाही देऊन राहिला!”

आता यात ‘गिव्हन’ काय? काहीच नाही. पेपरात परीक्षक आपल्याला लागेल तेवढीच माहिती देतो, एक आकडा कमी नाही की जास्त नाही. घरातल्या प्रॉब्लेममध्ये मात्र ‘गिव्हन’ आपणच गोळा करायचं असतं. मला तरी वाटतं, रोजचे साधे प्रश्न आपल्याला सुटत नाहीत ते डोकं कमी पडतं म्हणून नाही. प्रश्न नीट मांडायचं आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तेवढंच या लेखात सांगायचा प्रयत्न करते.

तक्रारीचे तुकडे करा

“कूलर गार करत नाही”, “टाकी भरत नाही”, “झाड वाळून राहिलं” या झाल्या तक्रारी. तक्रार सोडवता येत नाही. तिचे आधी लहान-लहान प्रश्न करावे लागतात, आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर पाहून किंवा ऐकून मिळेल.

कूलरचंच घ्या. विदर्भात कूलर म्हणजे घरातला एक मेंबरच, त्यामुळे उदाहरण सगळ्यांना कळेल. कूलरचं काम साधं आहे. पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे तासाला 5 लिटर पाणी उडालं तर 12,000 किलोज्यूल, म्हणजेच साधारण 3.3 किलोवॅट झाले. एक टनाचा एसी 3.5 किलोवॅटचा धरतात. पाच लिटर पाण्यात जवळजवळ एका टनाचं काम! अर्थात एसी हवा कोरडी करतो आणि कूलर दमट, हा फरक आहेच.

आता प्रश्न पाडा. पंखा नेहमीच्या वेगाने फिरतो का? ताट्या वरपासून खालपर्यंत ओल्या आहेत का, की मधे कोरडे पट्टे दिसतात? खोलीतली हवा बाहेर जायला खिडकी उघडी आहे का? बाहेरची हवा कोरडी आहे का? चार प्रश्नांची चार वेगळी उत्तरं निघतात. पंखा हळू फिरत असेल तर कपॅसिटर कमजोर झाल्याचा संशय घ्या. कोरडे पट्टे असतील तर वरच्या नळीची छिद्रं बोअरच्या क्षाराने बुजलेली असतात, ती सुईने मोकळी होतात. खिडकी बंद असेल तर तीच दमट हवा खोलीत साचते आणि घाम वाळत नाही. आणि जुलैत पाऊस सुरू झाल्यावर कूलर गार करत नसेल, तर कूलर बिघडलेलाच नाही! हवेत आधीच बाष्प आहे, ती अजून किती घेणार? न बिघडलेली वस्तू दुरुस्त करायला न निघणं हेही प्रॉब्लेम सोडवणंच आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला

दुसरं उदाहरण मोटारीचं. आमच्याकडे सिंभोऱ्याला अप्पर वर्धाचं एवढं मोठं धरण, पण घरातली टाकी न भरायला त्याचं काय! मोटार चालू केली, आवाज येतो, पण वर पाण्याचा थेंब नाही. अशा वेळी घरातले सगळे एकदम कामाला लागतात. एक जण नळी हलवतो, दुसरा वायर बदलतो, तिसरा वरून पाणी ओततो. मोटार सुरू होते, सगळे खूश. पण कशाने सुरू झाली ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच तमाशा.

त्यापेक्षा आधी आवाज ऐका. मोटार नुसती गुंगत असेल आणि फिरत नसेल तर ताबडतोब बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. मोटार नीट फिरते पण पाणी येत नाही, असं असेल तर ओढणाऱ्या पाइपात हवा शिरली असण्याची शक्यता जास्त. साधा सेंट्रिफ्यूगल पंप हवा ओढू शकत नाही. खरं तर तो पाणीसुद्धा “ओढत” नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि टाक्यातल्या पाण्यावर असलेला हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. म्हणूनच असा पंप कितीही भारी घेतला तरी सुमारे 10.3 मीटरपेक्षा खालचं पाणी त्याला येत नाही. प्रत्यक्षात तर 6-7 मीटरच धरतात. ओढपंपाने ठरावीक उंचीपुढे पाणी चढत नाही ही तक्रार इटलीत गॅलिलिओच्या काळातही होती. त्या तक्रारीचा नीट प्रश्न केला तो टॉरिसेलीने, आणि त्यातून 1643 साली बॅरोमीटर जन्माला आला.

तर, मोटार बंद करून पंपात पाणी भरा. बाकी कशालाच हात लावू नका. मोटार चालली? छान. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तर भरलेलं पाणी रात्रीतून खाली उतरलं. म्हणजे फुटव्हॉल्व्ह पाणी धरत नाही, बहुतेक पानाचा किंवा रेतीचा कण अडकला असेल. बघा, एकच गोष्ट बदलली म्हणून दुसऱ्या दिवशीचा बिघाडसुद्धा आपल्याला माहिती देऊन गेला!

नीट पाहणं

मोर्शी-वरुड म्हणजे संत्र्याचा मुलूख. आमच्याही नात्यात बगीचे आहेत. एखादं झाड पिवळं पडलं की पहिला उपाय ठरलेला: खत टाका, पाणी वाढवा. पण आमचे आबाजी झाडाजवळ जाऊन आधी खाली बसतात. “पानं पाहू नको, बुडाशी पाह्य. मंग सांग तुले काय दिसलं थे.” बुडाशी साल कुजलेली दिसते, त्यातून डिंक येत असतो. हा डिंक्या रोग. फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे तो होतो आणि त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणजे बुडाशी पाणी साचलं की रोगाला रस्ताच मिळाला. पाणी वाढवणं हा उपाय तर नाहीच, उलट रोगाला आमंत्रण!

त्यावरचा उपाय फावड्याने होतो. झाडाला दोन आळी करायची. आतलं खोडाभोवतीचं आळं कोरडं ठेवायचं आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात द्यायचं. पाणी आणि अन्न घेणारी बारीक मुळं तशीही खोडापासून दूरच असतात. सोबत खोडाला बोर्डो पेस्ट लावतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. बगीच्यातल्या झाडांची रंगवलेली बुडं तुम्ही बसमधून पाहिली असतील, ती हीच.

या बोर्डोची गोष्टही पाहण्याचीच आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्यालगतच्या द्राक्षवेलींवर मालक मोरचूद आणि चुना शिंपडत, कशासाठी? तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून! 1882 मध्ये मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकीच्या वेली केवड्याने खराब झाल्या आहेत, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या आहेत. त्या रस्त्याने बाकीचेही जात-येत होते. “या ओळींत वेगळं काय आहे?” हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते मिश्रण जगापुढे ठेवलं. आपल्यालाही हाच प्रश्न विचारता येतो. एक नळ बारीक येतो आणि बाजूचा जोरात, तर या दोघांत वेगळं काय? काल चालत होतं, आज नाही, तर मधे काय बदललं?

कुठे थांबायचं

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वतः सोडवणं म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं असं नाही. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय... आणि अर्थिंगची तिसरी पिन तोडून टाकलेली! “घरात एमसीबी आहे नं, काही नाही होत” असं खूप जण म्हणतात. पण एमसीबी वायरिंगला जास्त करंटपासून वाचवते. माणसाचा जीव जायला लागणारा करंट इतका थोडा असतो की एमसीबीला तो कळतच नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते आणि बॉडीला अर्थिंग लागतं. कूलरमध्ये पाणी भरताना किंवा ताटी काढताना प्लगच काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल तर आत फेज तसाच जिवंत असतो. कपॅसिटरही बंद केल्यावर काही वेळ चार्ज धरून ठेवतो, त्याला हात नको.

म्हणून मी स्वतःसाठी एक रेघ ओढली आहे. साफ करणं, पाहणं, ऐकणं, पाणी भरणं, छिद्रं मोकळी करणं माझं काम. वायर, कपॅसिटर आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनचं. पण त्याला फोन करताना “कूलर खराब झाला” एवढंच सांगत नाही. “पंप चालतो, ताट्या ओल्या आहेत, पंखा कालपासून हळू फिरतो” असं सांगते. तो येतानाच कपॅसिटर घेऊन येतो, दुसरी चक्कर वाचते. मदत मागतानाही प्रश्न आपणच मांडलेला असला की काम निम्मं झालेलं असतं.

तर मित्रांनो, या आठवड्यात होस्टेलमधली किंवा घरची एक तक्रार निवडा. कागदावर तीन ओळी लिहा: नेमकं काय होतंय, केव्हापासून होतंय, आणि त्याआधी काय बदललं. हेच तुमचं ‘गिव्हन’. ‘टू फाइंड’ मग आपोआप दिसायला लागेल. मार्क्स मिळणार नाहीत, उत्तराखाली दोन रेघाही ओढता येणार नाहीत, पण गळणारा नळ बंद होईल. आणि हो, वस्तू विजेची असेल तर आधी प्लग काढा!