जामीन आणि मालाचें वजन

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. बोलावल्या दिवशीं आरोपी न्यायालयांत हजर राहील, एवढीच ती हमी. अमली पदार्थांच्या खटल्यांत मात्र ती मागण्यापूर्वीं तराजूकडे पाहावें लागतें.

१९८५ च्या कायद्यांत २००१ सालीं दुरुस्ती होऊन मालाच्या तीन पायऱ्या झाल्या. गांजा १ किलोहून कमी तर अल्प, २० किलोंहून अधिक तर व्यापारी. मीं आयुष्यभर मुलांना वजनें-मापें शिकविलीं. पण १९ व २१ किलोंमधील अंतर असें वर्षांत मोजलेलें येथेंच पाहिलें. मधल्या पायरीपर्यंत बहुधा नेहमींचेच नियम चालतात. माल व्यापारी ठरला कीं ३७ वें कलम आडवें येतें. सरकारी वकिलानें विरोध केल्यास, आरोपी दोषी नाहीं असें मानण्यास सबळ कारण आहे व बाहेर असतां तो गुन्हा करणार नाहीं, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. साक्षीपुरावा व्हावयाचा आहे, आणि निर्दोषपणाचा विचार आधींच!

म्हणून वाद वजनावर येतो. कायद्याच्या व्याख्येंत गांजा म्हणजे झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे. शेंड्यांवांचूनचीं पानें व बिया नव्हत. सारेंच एकत्र तोललें असेल, तर वकील नेमकें तेथेंच बोट ठेवतात.

खटले मात्र रेंगाळतात. दिल्लींतील गांजाच्या एका खटल्यांत सात वर्षांहून अधिक काळ कोठडींत असलेल्या आरोपीस २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जामीन दिला. खटल्यास अवाजवी विलंब झाल्यास ३७ वें कलम जामिनाची वाट अडवीत नाहीं, असें त्या निकालानें सांगितलें.