मातुंगा, कानपूर, पवई

केळकर म्हटले की आपल्याला साहित्यसम्राट आठवतात, नाहीतर पुण्याचे संग्रहालय. अभियांत्रिकी शिक्षणातही एक केळकर होऊन गेले. डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. कानपूरच्या आयआयटीचे ते पहिले संचालक. त्याआधी पवईच्या आयआयटीच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि पुढे ते तिचेही संचालक झाले. मी जन्मभर अभियांत्रिकी शिकवली, तरी मलाही हे नाव उशिराच कळले. त्यांच्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहताना आपल्या महाविद्यालयांत काय राहून गेले, तेही दिसते.

जन्म १९०९चा, धारवाडचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली, मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीचा डिप्लोमा केला आणि १९३७ साली लिव्हरपूल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी विज्ञान, मग यंत्रे. बंगळुरात काही वर्षे शिकवून १९४३ साली ते मातुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. गिरण्या, रेल्वे आणि वीज कंपन्या यांना माणसे पुरवणारी ही संस्था. हाताला काम येणे ही तिथली कसोटी होती, आणि त्या काळी ती रास्तच होती.

स्वातंत्र्यानंतर आयआयटींची योजना आकाराला आली. १९५१ साली खरगपूर उभे राहिले, मग मुंबईची पाळी आली. तिच्या आखणीचे काम १९५६च्या सुमारास केळकरांकडे आले. युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत, रशियन तज्ज्ञ, तिकडून येणारी यंत्रसामग्री असा तो सगळा संसार होता. १९५८ साली पहिल्या तुकडीचे वर्ग वरळीत सुरू झाले, कारण पवईला अजून झाडीच होती. वर्षभरातच केळकरांना कानपूरला बोलावणे आले.

१९५९च्या डिसेंबरात कानपूरचा श्रीगणेशा झाला तो हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेच्या कॅन्टीनच्या इमारतीतल्या एका खोलीत. इथे मदत अमेरिकेची होती. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू अशा नऊ संस्थांचा संघ पाठीशी होता. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंशी एकाच माणसाला संस्था उभारणीचा व्यवहार करावा लागला. केळकरांनी पैसा, पुस्तके, यंत्रे आणि पाहुणे प्राध्यापक घेतले. शिकवायचे काय, हे मात्र त्यांनी आणि त्यांनी जमवलेल्या तरुण अध्यापकांनी ठरवले.

त्या ठरवण्यातच या कारकिर्दीचा गाभा आहे. कानपूरला बी.टेक.चा विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि मूलभूत अभियांत्रिकी विज्ञाने यांचा पाया सर्वांना समान होता. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रेही अभ्यासक्रमात होती, आणि ती शोभेपुरती नव्हती. विज्ञानाचे विभाग म्हणजे अभियंत्यांना पहिल्या वर्षी शिकवण्यापुरती सोय, हा समजही तिथे मोडला गेला. सी. एन. आर. राव यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ तिथे येऊन संशोधन करू लागले. १९६३च्या ऑगस्टमध्ये आयबीएम १६२० संगणक आला आणि तो कुलपात न राहता शिकवण्याच्या कामी लागला. व्ही. राजारामन यांच्यासारख्या अध्यापकांच्या हाताखाली भारतातल्या संगणकशास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात झाली ती इथेच.

मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट वरकरणी किरकोळ दिसते. सेमिस्टर पद्धत, अक्षरश्रेणी, आणि जो शिकवतो त्यानेच प्रश्न काढायचे, त्यानेच तपासायचे. आमच्या पिढीने विद्यापीठाच्या पेपरसाठी शिकवले. पेपर कोण काढणार, ठाऊक नाही. तपासणार कोण, तेही ठाऊक नाही. मग सिलॅबस पुरा करणे, जर्नलवर सह्या करणे आणि ओरलला येणाऱ्या एक्स्टर्नलची बडदास्त ठेवणे, एवढेच हाती उरे. नवे काही शिकवावे तर मुलेच विचारत, ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ त्यांचे चूक नव्हते. केळकरांनी अध्यापकावर विश्वास टाकला आणि त्याच्या मागून जबाबदारीही आलीच.

अर्थात कानपूरचा साचा सगळीकडे चालला असता असे नाही. निवडक विद्यार्थी, भरपूर पैसा आणि परदेशांतून परतलेले अध्यापक ही त्या साच्याची किंमत होती. तिथून शिकून निघालेले कितीतरी जण पुढे अमेरिकेला गेले, हा हिशेबही मांडायला हवा. आपल्याकडे १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्यामुळे तालुक्याच्या गावातली मुले अभियंते झाली, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण इमारती आधी आल्या, अध्यापक मागून. स्वायत्तता तर त्याहूनही उशिरा आली. पुण्याच्या सीओईपीसारख्या जुन्या संस्थेलाही त्यासाठी २००३ सालापर्यंत थांबावे लागले.

कानपुरात दशकभर काम करून केळकर १९७० साली मुंबईला परतले. आदल्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते. ज्या पवईची आखणी करून ते गेले होते, तिचे संचालकपद त्यांनी १९७४पर्यंत सांभाळले. १९९० साली त्यांचे निधन झाले.

आता आपल्या अनेक महाविद्यालयांना स्वायत्तता मिळाली आहे. पेपर आपलेच, तपासणीही आपलीच. तरीही कित्येक ठिकाणी जुनाच विद्यापीठाचा पेपर नव्या शिक्क्याने निघतो. तरुण अध्यापकांना एवढेच सांगायचे आहे की, मिळालेला अधिकार वापरा. केळकरांचे नाव आज कानपूरच्या ग्रंथालयाला आहे. अच्युत कानविंद्यांनी आखलेल्या त्या संकुलात ते अगदी मध्यभागी आहे.