सोरायसिस : खपली कातडीवर, दाह रक्तात



भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालणारे कोणीतरी आपल्या ओळखीत असतेच. कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात पांढुरक्या खपल्या. लोक पाहतील म्हणून ते मेंदीच्या कार्यक्रमालाही येत नाहीत. हा सोरायसिस. तो शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही आणि तो महारोग तर मुळीच नव्हे.

मग तो होतो कसा? रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्यांतल्या काही टी-पेशी सोरायसिसमध्ये शत्रू नसतानाच लढायला उठतात. इंटरल्युकिन-२३ हा रासायनिक निरोप त्यांना चिथावतो. मग त्या इंटरल्युकिन-१७ सोडतात आणि टीएनएफ या निरोपाने दाह आणखी भडकतो. एरवी महिनाभरात नवी होणारी कातडी मग काही दिवसांतच नवी होऊ लागते आणि खपल्यांचे थर साचतात. आपल्या सावळ्या रंगावर हे चट्टे लाल न दिसता जांभळट किंवा काळपटही दिसतात.

हा दाह कातडीपुरता राहत नाही. शंभर रुग्णांपैकी तीसजणांपर्यंत सांधे धरतात. आजार तीव्र असेल तर हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून सकाळी बोटे आखडत असतील, टाच दुखत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. धूम्रपान सोडा, वजन आटोक्यात ठेवा.

एन बोकेकला मृत समुद्राकाठी उन्हाचे उपचार घ्यायला जगभरचे रुग्ण येतात. समुद्रसपाटीखाली ४०० मीटरहून खोल असलेल्या त्या जागी ऊन सौम्य होऊन पोहोचते. त्याने अनेकांना काही महिने आराम पडतो. पण आजार मुळापासून जात नाही.

आता नेमके हेच निरोप अडवणारी इंजेक्शने मिळतात. ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी होते, कारण काही औषधांमुळे शरीरात दडलेला क्षय पुन्हा डोके वर काढू शकतो. भारतात असताना स्वतःला किंवा घरात कोणाला क्षय झाला असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका, चालू असतील तर एकदम बंदही करू नका.

आणि बाकीच्यांनी? त्यांचा हात हातात घ्या, शेजारी बसवून जेवू घाला.

सर्वांना रेफुआ श्लेमा!